सारख्या वाक्याला सारखा निकाल

ओट्यावर पालथी घातलेली स्टीलची वाटी आपसूक घसरली, सिंकच्या काठावर आपटली आणि ठण्णकन वाजली.

निलोफर मुकादम होती तिथे थिजली. दोन्ही हात की-बोर्डवर, मान अर्धी वळलेली. पलीकडे पलंगावर सहा वर्षांची मिस्बा कुशीवर वळली, एक पाय चादरीबाहेर काढला, कपाळाला बारीकशी आठी घातली आणि स्वप्नातलं कुणाशीतरी असलेलं भांडण मिटवल्यासारखी पुन्हा शांत झाली. निलोफरने रोखून धरलेला श्वास हळूच सोडला.

रत्नागिरीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारचे दोन ते चार एवढेच तास निलोफरचे होते, आणि तेही लेकीच्या झोपेतून चोरलेले. नवरा तौसीफ मालवाहू जहाजावर, आठ महिन्यांपासून समुद्रात. सासू-सासरे गावी. शाळा साडेबाराला सुटायची, एकला जेवण, दीडला गोष्ट, पावणेदोनला आणखी एक गोष्ट, आणि मग लेकीचे डोळे मिटले की आई मांजराच्या पावलांनी उठून संगणकासमोर बसायची.

तिचं काम होतं जोड्या तपासण्याचं. पडद्यावर डावीकडे एक वाक्य यायचं, त्यावर लिहिलेलं असायचं 'मूळ'. उजवीकडे दुसरं, त्यावर 'पोहोचलेलं'. खाली दोन बटणं: 'अर्थ कायम' आणि 'अर्थ बदलला'. दिवसाला चारशे जोड्या.

मधलं सगळं काम 'सलोखा' करायचा.

सलोखा काय चीज आहे हे निलोफरने सासूला एकदा गवार मोडता मोडता समजावून सांगितलं होतं. "अम्मा, एक मोठ्ठा नकाशा समजा. त्यावर गावं नाहीत, वाक्यं आहेत. ज्या वाक्यांचा अर्थ जवळचा, ती नकाशावरही शेजारी. 'जेवायला ये'च्या बाजूला 'चार घास खाऊन जा'. आता आपण सगळे मनगटावर पट्टी बांधतो ना, बीपीची? ती नाडी मोजते, घाम मोजते. कुठलं वाक्य वाचताना लोकांचं रक्त तापलं, हे लाखो पट्ट्यांनी त्या यंत्राला सांगितलं. त्यानं त्या नकाशावर रंग भरले. काही वाक्यं निळी, थंड. काही लाल, चटका देणारी. मग कुणी लाल वाक्य लिहिलं, की यंत्र ते उचलतं आणि शेजारच्या निळ्या गावात नेऊन ठेवतं. वाचणाऱ्याला निळंच दिसतं."

"आणि लिहिणाऱ्याला?"

"त्याला त्याचं लालच दिसतं. त्याला वाटतं, तेच पोहोचलं."

सासूने गवारीची शीर ओढून काढली होती. "म्हणजे दोघंही खूश आणि दोघांनाही कायपण ठाऊक नाय," ती म्हणाली होती, आणि निलोफरला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

हसू येण्याजोगे दिवस मात्र नव्हते ते. दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावात कुणीतरी कुणाच्यातरी पोस्टखाली सहा शब्द लिहिले, आणि तीन दिवस ते गाव पेटत राहिलं. निलोफरच्या भावाच्या बेकरीची काच त्याच आठवड्यात फुटली. ती बेकरी तर त्या गावापासून दीडशे किलोमीटर लांब. त्या रात्रभर निलोफर चार वर्षांच्या मिस्बाला उराशी धरून बसली होती. म्हणून सलोख्याची भरती निघाली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी अर्ज केला. आपली पोर वाचायला शिकेल तेव्हा तिला काय वाचायला मिळेल, हा प्रश्न तिच्यासाठी पुस्तकी नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी कोकणातल्या सगळ्या चर्चांवर सलोखा प्रयोग म्हणून सुरू झाला. पुढच्या महिन्यापासून राज्यभर, फोनसकट. नव्याने बाजारात येणाऱ्या प्रत्येक बोलक्या यंत्रात तर तो आधीच बसवलेला होता. त्यापूर्वीची शेवटची तपासणी आज होती, आणि चार वाजेपर्यंत निकाल द्यायचे होते.

दोनशे एकतिसावी जोडी.

मूळ: काय गं सांदण, मेलीस की काय? ईद झाली, शिरखुर्मा संपला, तुम्ही लोक अजून लोळताय. आम्हा कोकणस्थांचं बघ, दिवाळी सरायच्या आधी पणत्या धुऊन माळ्यावर.

पोहोचलेलं: नमस्कार. आपला सण आनंदात पार पडला असेल, अशी आशा आहे. आमच्याकडेही सण साजरे होतात.

निलोफरच्या हातातला पेन्सिलीचा तुकडा सुटून टेबलावरून घरंगळत गेला. सांदण म्हणजे ती स्वतःच.

'शेजार' नावाच्या चर्चेच्या जागेवर ती चार वर्षं याच नावाने लिहीत होती. तिथे सगळेच अनोळखी, सगळेच टोपणनावाचे, पण जात-जमात मात्र कुणी लपवायची नाही. तिथला रिवाजच तसा होता. नवा माणूस आला की त्याने उंबऱ्यावर उभं राहून आपल्याच लोकांवरचा सगळ्यात जुना टोमणा स्वतःच्या तोंडाने सांगायचा. तो सांगितला की बाकीच्यांना त्याची टर उडवायचा हक्क मिळायचा, आणि त्याला बाकीच्यांची. निलोफरने सांगितलं होतं, "आम्ही कोकणी मुसलमान लग्नाला गेलो की आधी डेगची उघडून बघतो, नवरी कोण ते मागाहून विचारतो." त्यावर पहिला उतारा पडला तो 'आमसूल' नावाच्या माणसाचा: "ये बाई. आम्ही चित्पावन. आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही घड्याळाकडे बघतो, आणि त्याला नाही कळलं तर उठून घड्याळाला किल्ली देतो."

तेव्हापासून दोघांची जुंपली ती जुंपलीच. मटणात बटाटा घालावा का, इथपासून स्वर्गात कुणाला मागच्या दाराने घेतील, इथपर्यंत. तो म्हणायचा, तुम्ही लोक. ती म्हणायची, तुम्ही लोक. त्याच्या हाताला कंप होता, म्हणून तो फोनला तोंडी सांगून लिहायचा, आणि मधेच "अगं, गॅस बंद कर" असंही लिहून यायचं. मिस्बाला डेंग्यू झाला तेव्हा त्याने सलग पाच दिवस रोज सकाळी विचारलं होतं, "तुमचं ते अर्धं तिकीट जिवंत आहे का?" आणि पाचव्या दिवशी, "आमच्या देव्हाऱ्यात तिच्या नावाचं फूल पडतंय, तुझ्या मौलवीला सांगू नकोस."

आणि मग तीन महिन्यांपूर्वी तो एकाएकी 'आपण' म्हणायला लागला.

अगं-तुगं करणारा माणूस एका सकाळी 'आपण' म्हणायला लागला की समजून घ्यायचं, दार बंद झालं. कडी वाजवायची गरज नसते. निलोफरने आठ दिवस डोकं खाजवलं, आपलं काय चुकलं म्हणून. मग तिनेही मान ताठ केली. "आपल्या शुभेच्छांबद्दल आभार," तिने लिहिलं. सलगीवरून खाली उतरायचं तर दोघांनी उतरायचं.

सलोख्यात काम करणारीला हे सुचू नये याचं कुणालाही नवल वाटेल. पण तिची समजूत अशी होती की यंत्र तिची पट्टी बघतं, आणि आमसूलचं वाचताना तिची नाडी कधी उडालीच नव्हती, उलट तो दिसला की ती सैल व्हायची. आता तिला लख्ख कळलं. यंत्र तिची नाडी बघत नव्हतं. ते लाखांची सरासरी बघत होतं. आणि लाखांच्या नकाशात 'ईद' आणि 'तुम्ही लोक' एका वाक्यात आले की ते गाव लालभडक.

तिने पुढची जोडी उघडली. मग त्याच्या पुढची. 'शेजार'चा अख्खा गठ्ठाच तिच्या वाट्याला आला होता.

मूळ: रुसलीस होय? आभार म्हणे. आमच्याकडे आभार तेराव्याला मानतात.

पोहोचलेलं: मी आपल्या भावना समजू शकतो.

मूळ: सांदण, ऐक. उद्या माझा गळा कापणार आहेत. मुंबईला. हलाल पद्धतीनं नको, असं डॉक्टरला सांगून ठेवलंय. गणपतीला सांगून झालं. तुझ्या अल्लाकडेही एक शब्द टाक. तुम्हा लोकांचं दिवसातून पाच वेळा जाणं-येणं असतं, ओळख असेल.

पोहोचलेलं: वैद्यकीय कारणामुळे मी काही काळ येथे उपलब्ध नसेन.

आणि त्याखाली, संदर्भ म्हणून दाखवलेलं, तिचं स्वतःचं उत्तर: "ठीक आहे. काळजी घ्यावी."

दीड महिना झाला होता त्याला. त्यानंतर आमसूलचं एकही अक्षर नव्हतं.

निलोफर उठली. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, नळ बंद केला. परत आली. मिस्बाची चादर सारखी केली, ती आधीच सारखी होती. माणूस गळ्याला सुरी लागायच्या आदल्या दिवशी आपल्या दारात उभा राहिला आणि आपण त्याला ठीक आहे म्हणून वाटेला लावलं. तो आत्ता या जगात आहे की नाही हेदेखील आपल्याला माहीत नाही. हे मनात आलं आणि तिचे पाय काही एका जागी ठरेनात.

बसली तेव्हा पुढची जोडी समोरच होती. तीही आमसूलचीच, पण तारीख ऑपरेशनच्या आधीची.

मूळ: तुम्हा लोकांना एकदा सगळ्यांना होडीत बसवून पाठवून द्यायला हवं.

पोहोचलेलं: सर्वांनी एकदा एकत्र प्रवास करावा, अशी शुभेच्छा.

हे वाक्य त्या वर्षी सगळीकडे फिरत होतं. सभांमधून, भिंतींवरून, फोनवरून. आमसूलने ते उचलून त्याची धार बोथट करून टाकली होती. तौसीफ घरी नाही म्हणून निलोफर कुरकुरली होती, त्याखाली त्याने लिहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं ते एवढंच: तू, तुझी पोर, तुझी ती गवारवाली सासू, सगळ्यांना होडीत घालून त्याच्या जहाजापर्यंत पोहोचवा आणि माझ्या डोक्याची कटकट थांबवा. वाचताना तिला त्या एका ओळीतूनही त्याचा खाकरलेला गळा ऐकू आला.

लगेच पुढची जोडी. तेच वाक्य. अक्षर न् अक्षर तेच. फक्त जागा वेगळी.

जागा होती मिस्बाच्या शाळेचं पान. वेशभूषेच्या दिवशी मिस्बा पुठ्ठ्याचं दीपगृह झाली होती, अब्बांच्या जहाजाला वाट दिसावी म्हणून. डोक्यावर विजेरी, अंगाला पांढरे-लाल पट्टे. शाळेने फोटो टाकला होता, खाली नावं दिली होती. त्या नावांखाली कुणा परक्याने हे वाक्य लिहिलं होतं. आणि बाराशे जणांनी, पोहोचलेलं निळं रूप वाचून, त्याला पसंतीचे अंगठे दिले होते.

निलोफरला महिन्यापूर्वीची ती संध्याकाळ आठवली. "सर्वांनी एकदा एकत्र प्रवास करावा, अशी शुभेच्छा." किती भला माणूस, असं वाटलं होतं तिला. तिने त्याखाली 'मनापासून धन्यवाद' लिहून एक लाल बदाम टाकला होता.

ती पुन्हा उठली. या वेळी नळही सोडला नाही, नुसतीच ओट्याला धरून उभी राहिली.

तिने ग्लेनिस लोपीसला फोन लावला. ग्लेनिस तिची वरिष्ठ, वसईची, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्यासारखी.

"बोल गं निलो. चारपर्यंत होणार ना? की शुक्रवार म्हणून सवलत मागतेस?"

"तू मागितलीस तशी, गुड फ्रायडेला?"

"मी ताप आल्याचं सांगितलं होतं. सिद्ध करून दाखव." ग्लेनिस हसली. मग थांबली. "काय झालं? आवाज असा का येतोय?"

निलोफरने नावं न घेता सांगितलं. दोन वाक्यं, अक्षरशः एक. एक जिव्हाळ्याचं, दुसरं विषारी. "पहिल्याचा अर्थ बदललाय, ग्लेनिस. पार मेलाय. दुसऱ्याचा मारला तेच बरं झालं, असं मला वाटतंय. मी एकाला 'बदलला' देऊ आणि दुसऱ्याला 'कायम' देऊ?"

"नाही देता येणार. नियम तुला पाठ आहे."

"सारख्या वाक्याला सारखा निकाल."

"हं. यंत्राला कोण बोललं ते दिसत नाही. दिसू नये, असा कायदाच आहे. उद्या बोलणारा बघून ठरवायला लागलो, तर मग कोण ठरवणार, ह्याचं प्रेम आणि त्याचं विष? मी? तू? की तिसराच कुणी, ज्याला तुझं नाव वाचूनच अर्थ कळतो?"

ग्लेनिसचं चुकत नव्हतं.

"आणि एक लक्षात घे," ग्लेनिस म्हणाली, "या वाक्यावर चौघींनी निकाल दिलेत. दोन्हीकडून सारखे पडलेत. तुझा शेवटचा. तू 'बदलला' दिलंस तर ते वाक्य पुढच्या महिन्यापासून राज्यभर जसंच्या तसं दिसेल. 'कायम' दिलंस तर कुणालाच दिसणार नाही. मी तुला काही सांगत नाहीये. घड्याळ सांगते. तीन वाजून दहा."

फोन ठेवला तेव्हा मिस्बा उठून बसली होती. केस एका बाजूला चपटे, गालावर उशीची नक्षी.

"अम्मी, तू कोणाशी भांडत होतीस?"

"भांडत नव्हते बाय. बोलत होते."

"मग तुझं नाक का लाल?"

निलोफरने तिला मांडीवर घेतलं आणि तिचे केस विंचरायला घेतले. हात कामात असले की डोकं जरा ताळ्यावर येई. मूळ मजकुरावरून माणूस शोधायचा नाही, असं तिच्या करारात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. शोधला तर त्या दिवशी काम बंद. ती अट वाचून सही केली होती तिने.

पण आमसूलने एकदा फुशारकी मारली होती. त्याच्या घरच्या कोकमाच्या आगळाची बाटली अख्ख्या जिल्ह्यात ओळखू येते म्हणे, कारण लेबलावर त्याच्या आजोबांचं चित्र आहे, आणि आजोबांच्या कपाळाला आठी आहे. "गिऱ्हाईक बघून आजोबांना कधी हसू आलंच नाही."

एका हातात कंगवा, दुसऱ्या हाताने तिने फोनवर शोधलं. कोकम आगळ, बाटली, आजोबा. सातव्या चित्रात तो म्हातारा होता. जगावर रागावलेला. खाली लिहिलं होतं: लिमये आगळ, गुहागर. आणि दुकानाचा नंबर.

तीन पंचवीस.

फोन बराच वेळ वाजला. मग एका बाईंचा आवाज आला, सुपारी कातरल्यासारखा. "लिमये. आगळ संपलंय, पुढच्या हंगामात फोन करा."

"काकू, मला आगळ नकोय. मी... आमसूल आहेत का?"

निलोफरच्या हातातला कंगवा मिस्बाच्या केसांत अडकून राहिला.

"तूच का ती सांदण?" बाई म्हणाल्या. "बरी आठवण झाली. दीड महिना इथे कोण फुगून बसलंय माहीत आहे का? ऑपरेशनच्या टेबलावर झोपेपर्यंत फोन हातातून सोडेनात. उत्तर काय आलं, तर काळजी घ्यावी. घ्यावी म्हणे. मी म्हटलं, जाऊ द्या हो, ती तरणी पोर, तिला तिचा संसार आहे. तर माझ्यावरच डाफरले. शेवटचं डाफरणं ते. दुसऱ्या दिवशी कंठच काढला."

"जिवंत आहेत," निलोफर म्हणाली. विचारायचं होतं, पण तोंडातून तसं आलं.

"आहेत तर. समोर बसून भाताला नावं ठेवतायत. म्हणजे ठेवत असावेत." काकूंनी सुस्कारा टाकला. "गळ्याला ते नवीन यंत्र लावलंय ना. जबडा हलला, मान हलली की त्यावरून ओळखतं आणि बोलतं. पण कसलं बोलतं. काल मला म्हणाले, आपला चहा उत्तम होता. चाळीस वर्षांत ह्या माणसानं माझ्या चहाला बरं म्हटलेलं नाही. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला."

निलोफरला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. मिस्बाने वर मान करून आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तीही उगाच हसली.

"लिहून नाही का दाखवत?"

"हात स्थिर असता तर. पाटी दिली तर पाटीवर गांडुळं काढतात. ओठांवरून ओळखावं म्हटलं, तर कवळी काढून बसतात. घे, बोल. लावते मोठ्यानं."

काहीतरी सरकलं. मग श्वासाची घरघर, जोरात, जणू कुणी जिना चढून आलं असावं. आणि मग एक तरुण, साबणाने धुतल्यासारखा पुरुषी आवाज: "नमस्कार. आपल्याशी बोलून आनंद झाला."

मिस्बा खुदकन हसली. "अम्मी, हे तर बँकेतले काका."

"आमसूल," निलोफर म्हणाली. फोनवर सलोखा अजून आला नव्हता. आणखी एक महिना तिला जे म्हणायचं ते जसंच्या तसं पोहोचणार होतं. "काय हो चित्पावन. यमराज आला तर त्यालाही घड्याळ दाखवलंत ना? चहा न घेताच गेला असेल बिचारा."

पलीकडे टेबलावर हाताचा पंजा धाडकन आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. घरघर वाढली. "आपण आस्थेने विचारपूस केलीत," तो धुतलेला आवाज म्हणाला.

"हसतायत," काकूंनी दुरून सांगितलं. "बहुतेक. डोळ्यांना पाणी आलंय. खोकलाही असेल."

"मला माहीत नव्हतं हो," निलोफर म्हणाली. "तुमचं मला भलतंच दिसत होतं. आज कळलं. माझ्या कामातनंच कळलं." आणि मग, सांगायचं नव्हतं ते सगळं तिने सांगून टाकलं. "तुमचं ते होडीचं वाक्य आत्ता माझ्या पुढ्यात आहे. तेच वाक्य दुसऱ्या कुणीतरी माझ्या पोरीच्या फोटोखाली लिहिलंय. तुमचं सोडवलं तर त्याचंही सुटतं. त्याचं दाबलं तर तुमचंही दाबलं जातं, आणि मग तुमच्या गळ्यातला हा बाबा, त्यातही सलोखाच भरलाय, असाच बोलत राहणार, जन्मभर. मी काय करू? तुम्ही सांगा."

या वेळी आमसूल बराच वेळ बोलला. ते बोलणं ऐकू येत नव्हतं, पण श्वास ऐकू येत होता. थांबून, पुन्हा सुरू होऊन, मधे एकदा टेबलावर बोट ठोकून. एखादा माणूस मुद्देसूद काही समजावतो तसा. की एखादा बापमाणूस रागावतो तसा. निलोफर फोन कानाशी आवळून बसली होती, मिस्बाही श्वास धरून बसली होती.

मग यंत्र म्हणालं, "आपला निर्णय योग्यच असेल."

"एवढंच?" निलोफरने विचारलं.

"अगं, पाच मिनिटं हातवारे चाललेत इथे," काकू म्हणाल्या. "मला वाटतं, नको म्हणतायत. थांब. नाही, मान हो अशी हलवतायत. अहो, एकदाच काय ते हलवा ना." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "दमले गं. निजवते त्यांना. तू येऊन जा एकदा. पोरीला घेऊन ये. आणि येताना जेवून येऊ नकोस हं, मी सांगत्ये म्हणून. ते काय बोलतील ते बोलोत."

पावणेचार.

निलोफरने फोन टेबलावर उपडा ठेवला. मिस्बा मांडीवरून उतरली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं, त्या रिक्षाचं मागे येताना वाजणारं गाणं संपता संपेना.

दाबलं तर काय होईल ते तिला दिसत होतं. मिस्बा मोठी होईल आणि जगातला प्रत्येक माणूस तिच्याशी 'आपण' म्हणून बोलेल. कुणी तिला अर्धं तिकीट म्हणणार नाही. तिच्या वाईटावर असलेल्या माणसाला ती मनापासून धन्यवाद म्हणेल आणि वर लाल बदाम देईल, जसा तिच्या आईने दिला. सोडलं तर काय होईल, तेही दिसत होतं. त्यासाठी डोळे मिटायचीदेखील गरज नव्हती. बेकरीची काच तिने स्वतः झाडली होती.

तिने दोनदा 'कायम'वर बोट नेलं. दोनदा मागे घेतलं. मनगटावरची पट्टी बारीकशी थरथरली, नाडी वाढल्याची सूचना. तिने ती पट्टी सोडून खणात टाकली.

तीन चोपन्नला तिने दोन्ही वाक्यांना 'अर्थ बदलला' दिलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग सूचना आली: निकालाची नोंद झाली, एकदा पाहून घ्या. खाली दोन ओळी उमटल्या. निकाल झाला की संदर्भ काढून टाकले जात. ना 'शेजार', ना शाळेचं पान, ना कुणाचं नाव, आणि ओळींचा क्रमही यंत्र दर वेळी मुद्दाम बदलायचं, तपासणाऱ्याने पक्षपात करू नये म्हणून. राहिली होती ती नुसती दोन वाक्यं, एकाखाली एक.

मिस्बा पहिलीत होती आणि दिसेल ते वाचायच्या नादात होती. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या. तिने पडद्याला बोट लावलं. निलोफरने तो हात धरायला हवा होता. तिने धरला नाही.

"तुम्... हा... लो... कां... ना," मिस्बाने वाचलं. "ए... क... दा." बोट सरकत गेलं. "हो... डीत. होडीत. अम्मी, होडीत." ती खूश झाली. "हे त्या फोनवरच्या आजोबांचं ना? तू बोलली होतीस, होडीचं वाक्य."

"हो," निलोफर म्हणाली.

मिस्बाचं बोट खालच्या ओळीवर गेलं. तिने तीही वाचली, सावकाश, एकही अक्षर न गाळता. मग पुन्हा वरची. मग पुन्हा खालची. कपाळाला ती बारीकशी आठी पडली.

"दोन्हीत तेच लिहिलंय," ती म्हणाली. "अम्मी, ह्यातलं आजोबांचं कुठलं?"